पेढीवरील विद्या व सिडनहॅम कॉलेज

१. या त्रैमासिकाच्या वाचकांस आमच्या लेखाचा मथळा पाहून किंचित् आश्चर्य वाटेल. ताम्रपट, बखर, शकावली, निदान एखाद्या घराण्याचें दफ्तर, असा विषय येथें अपेक्षित असतो; आणि आम्ही तर एका व्यापारी महाविद्यालयाचा वृत्तांत सांगावयास बसलों आहों. याकरितां या विषयाकडे आम्ही कसे वळलों, हें आरंभींच सांगणें इष्ट.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत एका जुन्या सावकारी पेढीच्या वाड्यांतून आम्हांस बोलावणें आलें. वाडा विकावयाचा ठरला होता आणि माळ्यावर तांबड्या कापडांत बांधलेल्या वह्यांचे गठ्ठे होते. निम्मे गठ्ठे आम्ही पोहोंचण्यापूर्वींच रद्दीच्या भावानें गेले होते. घरचा तरुण मालक वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका कंपनीच्या हिशेबखात्यांत नोकरीस असलेला. त्याच्यापुढें आम्हीं शके १८३५ ची खतावणी उघडली. मोडी अक्षर त्यास लागेना, यांत नवल नव्हतें. परंतु अक्षर आम्हीं वाचून दाखविल्यावरहि त्याचा गोंधळ मिटेना. जमेच्या रकमा डावीकडे व नांवें रकमा उजवीकडे पाहून तो म्हणाला, "गुरुजी, पणजोबांनीं हें सगळें उलटें लिहिलें आहे."

शके १८३५ म्हणजे इ. स. १९१३-१४. त्याच १९१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मुंबईस सिडनहॅम कॉलेज सुरू झालें. त्याच महिन्याच्या अखेरीस दिवाळी होती आणि मुंबईच्या गुजराती पेढ्यांवर संवत् १९७० च्या कोऱ्या वह्यांची पूजा झाली. एकाच नगरांत, एकाच महिन्यांत, एकाच विद्येचीं दोन दुकानें शेजारीं शेजारीं उघडलेलीं होतीं. त्यांपैकीं एक कसें वाढलें व दुसरें कां बंद पडलें, हें पाहणें हा या लेखाचा हेतु. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: व्यापाराचें हें महाविद्यालय व्यापाऱ्याच्या गरजेनें जितकें वाढलें, त्याहून अधिक कायद्याच्या गरजेनें वाढलें, आणि ज्या व्यवहारास कायद्यानें हात लावला नाहीं, त्याची विद्या पेढीवरच राहिली व पेढीबरोबरच लयास गेली.

२. प्रथम पेढीवरील विद्येचा विचार करूं. ती लहानसहान नव्हती व कालचीहि नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा सातवा अध्याय अक्षपटलाचा, म्हणजे हिशेबकचेरीचा आहे. वर्षाचे हिशेब आषाढींत आणावेत, आणणाऱ्यांनीं पुस्तकें मुद्रा करून व शिल्लक बरोबर घेऊन यावें, आणि आलेल्या मंडळींस आपसांत बोलूं देऊं नये, असा तेथें निर्बंध आहे. आय, व्यय व नीवी हीं तीन पदें तेथें आजच्या ताळेबंदाइतकींच स्पष्ट आहेत. पुढील अध्यायांत अपहाराचे चाळीस प्रकार मोजून सांगितले आहेत. हिशेबतपासनीस ज्या संशयानें वही उघडतो, तो संशय त्या ग्रंथकारास पूर्ण परिचित होता.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर यादवांचा करणाधिप हेमाद्रि याच्या नांवावर परंपरेनें 'मेस्तक' चालत आलें आहे. त्यांत पत्रलेखनाचे व जमाखर्चाचे नियम आहेत. पेशवाईच्या दफ्तरांतील रोजकीर्दी, खतावण्या, ताळेबंद, झाडे व बेहेडे आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. फडावर कारकून तयार होई तो पुस्तक वाचून नव्हे. वडिलांच्या किंवा मामाच्या शेजारीं बसून वळण गिरवूनच होई. पंतोजीच्या शाळेंतील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही त्याची पूर्वतयारी. पुढें तो मुनिमाच्या हाताखालीं बसला कीं हुंडी दर्शनी कोणती व मुदती कोणती, व्याजाची कापणी कशी करावी, आसामीची पत कशी ओळखावी, हें त्यास कोणी मुद्दाम शिकवीत नसे. तें त्यास येत असे.

आतां त्या तरुणानें काढलेल्या उलटेपणाच्या शंकेकडे वळूं. देशी रोजकीर्दींत आलेली रक्कम डावीकडे जमा धरतात व गेलेली उजवीकडे नांवें टाकतात. इंग्रजी रोकडवहींतहि आलेली रक्कम डावीकडेच असते. येथवर दोन्ही रीति एक आहेत. भेद खतावणींत पडतो. आमच्या रीतीनें गणोबानें शंभर रुपये आणून दिले तर ते रोजकीर्दींत डावीकडे गणोबाचे नांवानें जमा पडतात व खतावणींत गणोबाच्या खात्यावरहि डावीकडेच जमा जातात. इंग्रजी रीतीनें रोकडवहींत डावीकडे पडलेली तीच रक्कम गणोबाच्या खात्यावर उजवीकडे उतरते. तेथें बाजू पालटते, येथें पालटत नाहीं. देण्याघेण्याच्या दोन्ही अंगांची नोंद दोन्ही रीतींत होते, आणि मेळ दोहोंचाहि बसतो. सारांश, पणजोबांनीं कांहीं उलटें लिहिलें नव्हतें. त्यांचा पणतू एका रीतीचा पदवीधर होता व दुसरीविषयीं त्यास कोणीं कधीं एक शब्दहि सांगितला नव्हता, एवढेंच.

३. असें कां झालें, याचें उत्तर आम्हांस दोन कायद्यांत सांपडतें.

पहिला १८८१ चा हुंड्या, धनादेश व वचनचिठ्ठ्या यांविषयींचा कायदा. त्याच्या पहिल्याच कलमांत असें ठरविलें आहे कीं, देशी भाषेंत लिहिलेल्या पत्रांविषयींच्या स्थानिक रूढीस या कायद्यानें बाध येत नाहीं. म्हणजे गुजराती वा मोडी हुंडी व्यापाऱ्यांच्या रूढीवर सोडून दिली. वरवर पाहतां हा देशी व्यापाराचा सन्मान होता, आणि त्या काळच्या व्यापाऱ्यांस तो सोईचाहि असावा. परंतु जें कायद्यानें रूढीवर सोडलें त्यास परीक्षा नाहीं; ज्यास परीक्षा नाहीं त्यास शाळा नाहीं; आणि ज्यास शाळा नाहीं तें शिकविणारा वृद्ध मुनीम गेला कीं शिकवणूकहि गेली.

दुसरा १९१३ चा कंपन्यांचा कायदा. हा १९१४ च्या एप्रिलपासून अमलांत आला. समाईक भांडवलाच्या कंपनीचे हिशेब तपासणारा मनुष्य सरकारमान्य असला पाहिजे, त्याजवळ प्रांतिक सरकारचें प्रमाणपत्र असावें किंवा तो मान्यताप्राप्त संस्थेचा सभासद असावा, असें त्यानें ठरविलें. मुंबईसारख्या नगरांत याचा अर्थ केवढा होता, हें सांगावयास नको. येथें १८५० नंतरच्या दशकांत पहिली कापडगिरणी उभी राहिली. १८६५ सालीं शेअरांच्या सट्ट्यानें नगर होरपळलें. १८७५ त शेअरदलालांची मंडळी स्थापन झाली. गिरण्या, बँका, विमामंडळ्या यांचें जाळें पसरलेलें, आणि त्यांचे हिशेब तपासण्यास मान्य मनुष्यबळ मात्र अगदीं थोडें.

त्याच वर्षीं या गरजेची साक्ष फार कठोरपणें पटली. सप्टेंबर १९१३ मध्यें लाहोरची पीपल्स बँक बुडाली. वर्षाच्या अखेरीस खुद्द मुंबईंतील इंडियन स्पेसी बँक, चांदीच्या सट्ट्यांत अडकून, बंद पडली. या दुसऱ्या बँकेच्या पतनापूर्वींच कॉलेज सुरू झालें होतें. तेव्हां बँका बुडाल्या म्हणून तें निघालें असें म्हणतां येत नाहीं. परंतु ज्या ठेवीदारांच्या ठेवी गेल्या त्यांस बिनतपासणीचे हिशेब म्हणजे काय, हें समजावून सांगण्यास कोणा प्राध्यापकाची जरूर राहिली नसावी.

४. कॉलेजास नांव मिळालें तें मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांचें. ते १९०७ पासून १९१३ पर्यंत येथें होते आणि १९१३ त त्यांस लॉर्ड सिडनहॅम ही पदवी मिळाली. पहिले मानद प्राचार्य के. सुब्रमणी अय्यर हे होत. १८९७ पासून मुंबईंत हिशेबतपासणीचा व्यवसाय करणाऱ्या थोड्या हिंदी गृहस्थांपैकीं ते एक. ही निवडच बोलकी आहे. प्राचार्य म्हणून सावकार आला नाहीं, गिरणीमालक आला नाहीं, अर्थशास्त्री प्राध्यापकहि प्रथम आला नाहीं; हिशेबतपासनीस आला.

'आशिया खंडांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय' असें बिरुद या संस्थेस सर्रास लावलें जातें. इतिहासाच्या त्रैमासिकांत हें तपासून घेणें अवश्य आहे. जपानांत तोकियो येथें मोरी आरिनोरी यांनीं १८७५ मध्यें व्यापारी शाळा स्थापन केली होती. १८८७ त ती उच्च व्यापारी शाळा झाली व १९२० मध्यें तिचें विद्यापीठ झालें. तेव्हां आशियाचें प्रथमपद जपानकडे जातें. मुंबईंतहि व्यापारी विषयांचें शिक्षण देणारें सोराब दावर यांचें खासगी विद्यालय १९०० पासून चालूं होतें. सिडनहॅमचा खरा मान याहून वेगळा आहे. वाणिज्य हा विषय हिंदुस्थानांत विद्यापीठाच्या पदवीचा विषय झाला, तो मुख्यतः या कॉलेजाच्या द्वारें. एवढा मान पुरेसा आहे. त्यास खोट्या अलंकाराची जोड नको.

विलायतेंतहि ही गोष्ट जुनी नव्हती, हें ध्यानांत ठेवावें. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत वाणिज्याची शाखा १९०२ मध्यें ॲशले यांच्या हाताखालीं उघडली. अमेरिकेंत व्हार्टन यांची शाळा १८८१ ची, हार्वर्डची १९०८ ची. म्हणजे पाश्चात्त्यांच्या मागें आम्ही फार तर एका पिढीनें होतों. परंतु शिकवण्याची भाषा इंग्रजी, वहीची रीत इंग्रजी आणि कायदाहि इंग्रजी वळणाचा. त्यामुळें शेजारच्या पेढीवर काय चाललें आहे, तें वर्गांत शिरलें नाहीं.

येथें एक योगायोग हस्तलिखितांच्या संग्राहकांपुढें ठेवावासा वाटतो. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयास दिली; ती आर. शामशास्त्री यांच्या दृष्टीस १९०५ मध्यें पडली व १९०९ त त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. म्हणजे सिडनहॅम कॉलेज उघडलें तेव्हां या देशाचें हिशेबशास्त्र जगास पुन्हां सांपडून अवघीं चार वर्षें झालीं होतीं. एकीकडे संस्कृतज्ञ अक्षपटलाचा अर्थ लावीत होते, दुसरीकडे वाणिज्याचे विद्यार्थी लंडनच्या वह्यांचे नमुने उतरवून घेत होते, आणि दोहोंच्या मधोमध पेढीवरचा मुनीम मोडींत रोजकीर्द लिहीत होता. तिघांची गांठ पडली नाहीं. संस्कृतचा अध्यापक म्हणून या दोषाचा आमचा वांटा आम्ही नाकारीत नाहीं. अक्षपटल हा शब्द आम्हीं उभ्या आयुष्यांत अनेकदां शिकविला. तो शिकवितांना गांवांतील एखाद्या पेढीची वही उघडून मुलांस दाखवावी, हें आम्हांस एकदांहि सुचलें नाहीं.

५. इतकें म्हटल्यावर कोणी समजेल कीं, आम्ही पेढीचा पक्ष घेऊन कॉलेजास दोष देत आहों. तसें नाहीं. पेढीच्या विद्येस एक मोठें वैगुण्य होतें, आणि तें न सांगणें म्हणजे इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. ती विद्या घराण्याची व जातीची होती. गादीवर मालकाचा मुलगा बसे, त्याच्या शेजारीं नात्यागोत्यांतला मुनीम बसे. इतरांस उंबरठ्याबाहेरून व्यवहार. वही वाचतां येणें हें सामर्थ्य होतें व तें सामर्थ्य जाणूनबुजून थोड्यांच्या हातीं ठेवलेलें होतें. कर्जदारास आपल्या खात्यावर काय लिहिलें आहे हें वाचतां येत नसे, हा ग्रामीण सावकारीच्या इतिहासांतील कटु भाग सर्वश्रुत आहे.

कॉलेजानें हा उंबरठा मोडला. याचें सर्वांत ठळक उदाहरण नोव्हेंबर १९१८ चें आहे. त्या महिन्यांत सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून डॉ. भीमराव आंबेडकर यांची तात्पुरती नेमणूक झाली. वेतन दरमहा साडेचारशें रुपये. त्या वेळीं पर्सी ॲन्स्टी हे प्राचार्य होते. १९२० मध्यें त्यांचें निधन झालें, आणि हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावरील १९२९ चा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या व्हेरा ॲन्स्टी या त्यांच्या पत्नी. आंबेडकरांचीं व्याख्यानें ऐकण्यास इतर कॉलेजांतील विद्यार्थीहि येत, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्याच चरित्रांत असेंहि नमूद आहे कीं, प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या भांड्यांतील पाणी त्यांनीं पिण्यास कांहीं सहकाऱ्यांनीं हरकत घेतली.

हीं दोन वाक्यें एकत्र वाचावीं. ज्या पेढीवर आंबेडकरांस उमेदवार म्हणूनहि कोणी बसवून घेतलें नसतें, तिची विद्या ते कॉलेजांत प्राध्यापकाच्या आसनावरून शिकवीत होते. हें कॉलेजाचें यश. आणि पाण्याचें भांडें तेथेंहि वेगळें राहिलें. ही त्या यशाची मर्यादा. परीक्षेनें दार उघडलें, पण दारांतून आंत आलेल्या मंडळींनीं घरची रूढि बरोबर आणली होती. ३१ जानेवारी १९२० रोजीं 'मूकनायक' निघालें. त्याच वर्षीं मार्चमध्यें प्राध्यापकपद सोडून आंबेडकर पुढील अभ्यासासाठीं लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्यें प्रसिद्ध झाला आणि १९२५ त चलनविषयक शाही कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली. कॉलेजाच्या इतिहासांत त्यांची कारकीर्द दीड वर्षाहूनहि कमी भरते. परंतु त्या संस्थेच्या शंभर वर्षांत याहून अर्थपूर्ण दीड वर्ष आम्हांस तरी आढळत नाहीं.

६. यापुढील वाढीचे टप्पे पाहिले असतां आमच्या मूळ विधानाची प्रचीति पदोपदीं येते.

१९१८ मध्यें मुंबई सरकारनें हिशेबविद्येची सरकारी पदविका सुरू केली. ती परीक्षा उतरून मान्य हिशेबतपासनीसाच्या हाताखालीं तीन वर्षें उमेदवारी केली म्हणजे प्रमाणपत्र मिळे. म्हणजे उमेदवारीची पेढीवरील जुनी चाल कायद्यानें निराळ्या पोशाखांत पुन्हां आणली. भेद इतकाच कीं, मामाच्या जागीं परीक्षामंडळ आलें. त्याच वर्षीं प्राप्तिकराचा नवा कायदा आला व १९२२ मध्यें तो पुन्हां नव्यानें झाला. आतां कंपनीलाच नव्हे, तर खासगी व्यापाऱ्यालाहि सरकारपुढें ठेवण्याजोगा हिशेब लिहिणें भाग पडलें. १९३२ च्या नियमांनीं हिशेबतपासनिसांची सर्व देशाची एक नोंदवही झाली, आणि १९४९ च्या कायद्यानें १ जुलैपासून त्यांची स्वायत्त संस्था अस्तित्वांत आली. जुन्या पाट्या पाहणाऱ्यांस ठाऊक असेल कीं, एकाच गृहस्थाच्या नांवापुढें आधीं 'जी. डी. ए.', मग 'आर. ए.' आणि शेवटीं 'सी. ए.' अशीं अक्षरें लागत गेलीं. विद्या तीच, मनुष्य तोच; अक्षरें कायद्यानें बदललीं.

मागणी वाढतांच कॉलेजेंहि वाढलीं. अहमदाबादेस १९३६ मध्यें, मुंबईंत माटुंग्यास पोदारांचें १९४१ मध्यें, आणि पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्यें निघालें. १९४९ त पुण्याचें विद्यापीठ स्वतंत्र झालें. पुढें १९५६ चा कंपनी कायदा, त्याच वर्षीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण, १९६९ मध्यें चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण, या प्रत्येक घटनेनें वाणिज्य पदवीधरास नवी खुर्ची निर्माण केली. महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत 'बी. कॉम. होऊन बँकेंत चिकटला' हें वाक्य समाधानाचें झालें, तें याच काळांत.

त्यानंतर वारा फिरला. १९६१ मध्यें कलकत्ता व अहमदाबाद येथें व्यवस्थापनाच्या केंद्रीय संस्था निघाल्या, १९६५ त मुंबई विद्यापीठानें जमनालाल बजाज यांच्या नांवें आपली संस्था काढली, आणि १९८३ मध्यें सिडनहॅमच्याच नांवानें व्यवस्थापन व उद्योजकता यांच्या शिक्षणाची निराळी संस्था उभी राहिली. हिशेब तपासणाऱ्याच्या शेजारीं आतां कारभार चालविणारा बसला. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर तर मान त्यालाच अधिक मिळूं लागला. हा बदल मात्र कायद्यानें नव्हे, बाजारानें घडविला, हें आमच्या विधानाविरुद्ध जाणारें प्रमाण आम्ही मोकळेपणीं मांडतों. तरी १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू होतांच भुसारी दुकानदारापर्यंत प्रत्येकास जाणत्या हिशेबनिसाचें दार ठोठवावें लागलें, हेंहि तितकेंच खरें. कायद्याचें बोट या विद्येनें अद्यापि सोडलेलें नाहीं.

७. आतां अखेरच्या स्थित्यंतराकडे येऊं. स्थापनेपासून एक शतकाहून अधिक काळ सिडनहॅम कॉलेज मुंबई विद्यापीठाच्या छत्राखालीं होतें. १८५७ सालचें हें विद्यापीठ वाढतां वाढतां शेंकडों महाविद्यालयांचें झालें. २०१९ मध्यें राज्य सरकारनें मुंबईंतील चार जुन्या सरकारी संस्था एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापिलें. त्या चार अशा: १८५६ चें एल्फिन्स्टन कॉलेज, १९०६ चें माध्यमिक शिक्षकांचें प्रशिक्षण महाविद्यालय, १९१३ चें सिडनहॅम, आणि १९२० मध्यें उघडलेली विज्ञान संस्था. ज्यांचें नांव विद्यापीठास दिलें ते भाभा एल्फिन्स्टन कॉलेज व विज्ञान संस्था या दोहोंचे विद्यार्थी. तेव्हां नांव उसनें नाहीं.

शेंकडों भावंडांतील एक असलेलें सिडनहॅम याप्रमाणें चार भावंडांतील एक झालें. लहान घराचे लाभ व तोटे दोन्ही असतात. मोठ्या विद्यापीठाच्या पदवीस जी रूढ ओळख होती ती नव्या नांवास कमवावी लागेल. विद्यार्थ्यांच्या पालकांस ही काळजी वाटली तर ती अनाठायीं नाहीं. उलटपक्षीं, शेंकडों कॉलेजांस एकच अभ्यासक्रम लावण्याची जी सक्ति मोठ्या विद्यापीठास असते, ती येथें नाहीं. चार संस्थांनीं मनावर घेतलें तर अभ्यासक्रमांत नवी गोष्ट आणणें पूर्वीच्या मानानें पुष्कळ सोपें आहे.

याच ठिकाणीं आमच्या संशोधक मंडळींचा संबंध येतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्याच्या पुराभिलेखांचें मुंबईंतील दफ्तर दीर्घकाळ नांदत आलें आहे. एका घरीं दफ्तर, दुसऱ्या घरीं हिशेबविद्या, आणि दोन्ही घरें आतां एकाच विद्यापीठाच्या कुंपणांत. १९१३ सालीं जी गांठ पडली नाहीं, ती पाडण्याची ही संधि आहे. हिशेबविद्येच्या विद्यार्थ्यास एका सत्रापुरती तरी मोडी रोजकीर्द वाचावयास लावावी, जमेची बाजू डावीकडे कां हें त्यास समजावून द्यावें, मग इंग्रजी वही त्याच्यापुढें ठेवावी. दोन रीति शेजारीं ठेवल्या म्हणजे दोन्ही अधिक कळतात, हा व्याकरण शिकविणाऱ्या आम्हां लोकांचा जुना अनुभव आहे.

८. शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. आपल्यापैकीं पुष्कळांचा कल सनदा, पत्रें व पोथ्या यांकडे असतो. पेढीच्या वह्यांस आपण जागा देत नाहीं, कारण त्या अवजड, एकसुरी व असंख्य असतात. परंतु त्यांच्या असंख्यपणांतच त्यांचें मोल आहे. एक सनद एका दिवसाची गोष्ट सांगते. सलग वीस वर्षांच्या वह्या गांवाचा दुष्काळ, लग्नसराई, धान्याचा भाव व माणसांची पत सांगतात. म्हणून वह्या मिळाल्या तर त्यांतील एखादी सुबक वही काढून घेऊन बाकीच्या सोडूं नयेत. रोजकीर्द व खतावणी यांची ताटातूट करूं नये; एकीवांचून दुसरी आंधळी. गठ्ठा ज्या क्रमानें बांधलेला असेल तो क्रम प्रथम उतरून घ्यावा, मगच दोरी सोडावी.

आणि पेढीच्या वह्यांइतकेच कॉलेजांचे जुने कागदहि आतां ऐतिहासिक झाले आहेत, हें विसरूं नये. प्रवेशाचे पट, परीक्षांचे कागद, वार्षिक अहवाल, विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या. संस्था एका छत्राखालून दुसऱ्या छत्राखालीं जाते तेव्हां असले कागद गहाळ होण्याचा धोका सर्वांत अधिक. राज्यें बदललीं तेव्हां दफ्तरांची काय गत झाली, हें आपण जाणतों. विद्यापीठ बदललें तर तसें होऊं नये. सिडनहॅमच्या कोणा जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं पहिल्या कांहीं वर्षांतील टिपणें असतील तर त्यांची निदान यादी तरी या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.

त्या वाड्यांतील उरलेल्या वह्या त्या तरुणानें विकल्या नाहींत. नव्या सदनिकेंत जागा नसतांहि त्यानें त्या नेल्या. आतां रविवारीं तो आमच्याकडे मोडी शिकावयास येतो. अक्षर अजून अडखळत लागतें. पण आंकडे त्यास आमच्याहून लवकर कळतात, आणि बेरजेंत आमची चूक झाली तर ती तोच दाखवितो. परवां शके १८३५ च्या एका पानाचा मेळ त्यानें स्वतः लावला. मेळ बरोबर बसला. इत्यलम्.